पवित्र शास्त्रातील झाडांचा अर्थ लावताना या चुका टाळा

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, शब्बाथशाळेपासून तरुण संघाच्या अभ्यासवर्गापर्यंत, पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, झाडांवर बोलायला वक्ते सहज तयार होतात. लबानोनचा गंधसरू (देवदाराच्या जातीचा उंच वृक्ष) येथे कोणी पाहिलेला नसतो, पण कोरडवाहू आणि बागायत यांतला फरक, कलमाची जात, अवर्षणाचे वर्ष या गोष्टी ऐकणाऱ्यांना समजावून द्याव्या लागत नाहीत. इतकी तयारी असलेल्या श्रोत्यांपुढेही अर्थ चुकतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते: झाड ज्या उताऱ्यात उभे आहे तेथून ते उपटून वेगळे वाचले जाते.

झाडांचे कोष्टक पाठ करणे

जैतून म्हणजे शांती, गंधसरू म्हणजे वैभव, अंजीर म्हणजे इस्राएल, अशी यादी अनेकांच्या वहीत असते. ती परीक्षेला उपयोगी पडेल, वाचनाला पडत नाही. स्तोत्र ९२ मध्ये नीतिमान मनुष्य लबानोनवरील गंधसरूसारखा वाढतो. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र परमेश्वराचा दिवस ज्या उंच आणि गर्विष्ठ गोष्टींवर येणार आहे त्यांत हाच गंधसरू आहे, आणि यहेज्केल ३१ मध्ये मिसरच्या फारोला दिलेल्या इशाऱ्यात अश्शूरचे साम्राज्य गंधसरू होऊन कोसळते. उंची दोन्हीकडे आहे, अर्थ उलट आहेत. नोहाच्या कबुतराने आणलेले जैतुनाचे पान (उत्पत्ती ८:११) त्या कथेत प्रथम इतकेच सांगते की पाणी ओसरले आहे. शांतीचे चिन्ह म्हणून त्याची ओळख पुढे रूढ झाली.

यशया ११:१ ची वाट नाताळात अशीच लागते. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, बुंध्याला फुटणारा कोंब सगळे वाचतात, पण त्याच्या अगदी आधीची दोन वचने (१०:३३-३४), ज्यांत उंच झाडे तोडली जातात आणि लबानोन पडतो, ती क्वचितच वाचली जातात. जंगल भुईसपाट झाले आहे आणि दाविदाच्या घराण्याचाही केवळ बुंधा उरला आहे, हे कळल्याशिवाय त्या कोंबाचे नवल वाटत नाही.

एदेनमध्ये सफरचंद शोधणे

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळाचे नाव नाही. प्राचीन यहुदी शास्त्र्यांमध्येही द्राक्षवेल, अंजीर आणि गहू अशी वेगवेगळी मते होती. सफरचंद पश्चिमेकडील परंपरेतून आणि चित्रांतून आपल्यापर्यंत पोचले. याहून मोठी चूक म्हणजे दोन झाडांचे एक झाड करणे. बऱ्यावाइटाच्या ज्ञानाच्या झाडाला मनाई होती, जीवनाच्या झाडाला सुरुवातीला नव्हती. आदामाला बागेबाहेर काढले गेले ते त्याने जीवनाच्या झाडाचेही फळ खाऊन सर्वकाळ जगू नये म्हणून (३:२२). हा फरक पुसला की प्रकटीकरण २२ मध्ये कोणते झाड परत येते तेच समजत नाही. तेथे जीवनाचे झाड नदीच्या दोन्ही बाजूंना आहे, बारा फळे देते, दर महिन्याला फळते, आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

अंजिरावरचा शाप म्हणजे राग समजणे

मार्क ११ मध्ये भुकेला येशू पाने असलेल्या अंजिराकडे जातो आणि फळ न मिळाल्याने त्याला शाप देतो. हे वाचताना दौलताबादकडे अंजिराची बाग पाहिलेल्या शेतकऱ्याला सरळ प्रश्न पडतो की हंगामच नव्हता, तर झाडाचा काय दोष? मार्क स्वतः ‘अंजिरांचा हंगाम नव्हता’ असे सांगून हा प्रश्न अधिक टोकदार करतो. पुष्कळ प्रवचनांत यावर झटपट उत्तर दिले जाते की पाने होती म्हणून कच्ची फळे असायला हवी होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. हा प्रसंग वल्हांडण या यहुदी सणाच्या तोंडावरचा आहे; तो सण मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो आणि त्या प्रदेशात पालवीबरोबर अंजिराला लहान हिरवी फळे धरू लागतात. परंतु केवळ एवढ्यावर थांबले, तर भुकेल्या प्रवाशाची निराशा यापलीकडे कथा जात नाही.

मार्कने प्रसंगांची रचना कशी केली आहे ते पाहावे. झाडाशी बोलणे, नंतर मंदिरातील विक्रेत्यांना हाकलणे, आणि दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेले दिसणे, असा तो क्रम आहे. मंदिराचा प्रसंग अंजिराच्या दोन भागांच्या मधोमध ठेवलेला आहे, म्हणून झाडाबद्दल जे घडते ते मंदिराबद्दल बोलते. त्यामागे संदेष्ट्यांची भाषाही आहे. यिर्मया ८:१३ मध्ये अंजिरावर अंजीर नाही आणि पाने कोमेजली आहेत, मीखा ७:१ मध्ये पहिल्या बहराच्या अंजिराची भूक भागत नाही. मत्तय २१ मध्ये मांडणी वेगळी आहे. तेथे मंदिर आधी येते आणि झाड तत्काळ वाळते. दोन्ही वृत्तांत एकत्र कालवून तिसरीच कथा तयार करू नये.

लूक या प्रसंगाऐवजी दुसरेच देतो: तीन वर्षे न फळलेले झाड, ते तोडायला सांगणारा मालक, आणि भोवती खणून खत घालण्यासाठी आणखी एक वर्ष मागणारा माळी (१३:६-९). पुढे झाड फळले की तोडले गेले ते लूक सांगत नाही. वक्त्यांनीही ते सांगू नये. हा शेवट मोकळा ठेवण्यातच दाखल्याचा दाब आहे.

पौलाचे कलम आपल्या कलमासारखे समजणे

रोमकरांस पत्र ११:१७-२४ हा उतारा जालना जिल्ह्यातील मंडळीला इतर कुणाहीपेक्षा चांगला कळायला हवा, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. मोसंबीच्या रोपवाटिकेत जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या काटक खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. मूळ रानटी, डोळा उत्तम जातीचा, आणि फळ डोळ्याच्या गुणाचे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हे अगदी उलटे मांडले आहे. त्याच्या चित्रात मूळ लागवडीच्या जैतुनाचे, म्हणजे पूर्वजांचे आणि त्यांना दिलेल्या वचनांचे आहे. कलम केलेली फांदी रानजैतुनाची, म्हणजे परराष्ट्रीयांची (यहुदी नसलेल्यांची) आहे. साध्या व्यवहारात असे कलम कोण करील? पौलालाही ते ठाऊक होते, कारण २४ व्या वचनात तो हे निसर्गाविरुद्ध आहे असे उघड म्हणतो. रोमन काळातील शेतीवरचा लेखक कोलुमेला याने न फळणाऱ्या जैतुनात रानजैतुनाची काडी बसवण्याचा उपाय नोंदवला आहे आणि काही भाष्यकार त्याचा आधार घेतात. परंतु पौलाच्या मांडणीत रानटी फांदी झाडाला जोम देत नाही, तीच मुळाच्या रसावर जगते.

यातून दोन चुका दुरुस्त होतात. ‘आम्ही आलो म्हणून जुने झाड सुधारले’ असा सूर लावणाऱ्यांना १८ वे वचन थेट अडवते: तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देते. दुसरे, जुने झाड तोडून त्या जागी नवे लावले गेले असे शिकवणाऱ्यांनी काही फांद्या तोडल्या गेल्या असे लिहिलेले आहे हे पाहावे. झाड उभेच आहे, आणि तोडलेल्या फांद्या पुन्हा जोडल्या जाऊ शकतात असे २३ वे वचन म्हणते. माझ्या मते या उताऱ्याचा दुरुपयोग इतर कोणत्याही झाडापेक्षा अधिक नुकसानकारक ठरला आहे, कारण नम्रता शिकवणाऱ्या ओळींतून गर्व शिकवला गेला.

स्तोत्र १ मधील झाडाला भरभराटीची हमी बनवणे

पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेले झाड ‘आपल्या हंगामात’ फळ देते, सदासर्वकाळ नव्हे. बारमाही फळणारे झाड प्रकटीकरणात आहे. त्याच प्रतिमेचा विस्तार करणारा यिर्मया (१७:५-८) तर स्पष्ट सांगतो की उन्हाळा येतो आणि अवर्षणाचे वर्षही येते; झाडाला त्याची चिंता नसते, एवढेच. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या त्यांच्यासमोर ‘विश्वास असेल तर झाड वाळत नाही’ असे म्हणणे हे वचनाचे चुकीचे वाचन आहेच, शिवाय निर्दयही आहे. यिर्मयाचा विरोध श्रीमंत-गरीब असा नाही. मनुष्यबळावर भिस्त ठेवणारा आणि परमेश्वरावर भिस्त ठेवणारा, असा आहे.

आपल्या अंगणातील अर्थ चिकटवणे

येशूला पाहण्यासाठी जकातदार जक्कय ज्या उंबरावर चढला ते झाड आपल्या औदुंबराचे जवळचे भाऊबंद आहे, पण औदुंबराभोवती आपल्याकडे जे पावित्र्य आहे ते यरीहोत नव्हते. तेथे तो सामान्य वृक्ष होता. १ राजे १०:२७ मध्ये शलमोनाने गंधसरू तळवटीतल्या उंबरांइतके विपुल केले असे म्हटले आहे, आणि आमोस संदेष्टा स्वतः उंबराची फळे जोपासणारा होता. श्रीमंत जकातदार रस्त्याकडेच्या एका साध्या झाडावर चढतो, एवढ्यातच त्या दृश्याची गंमत आहे. जालन्याजवळच्या बेथेल गावच्या लोकांसाठी जाता जाता एक नोंद: उत्पत्ती ३५:८ मधील बेथेलजवळही एक झाड आहे, रिबकेची दाई दबोरा हिला ज्याच्याखाली पुरले ते, आणि त्याला रडण्यावरूनच नाव मिळाले.

किरकोळ, पण वारंवार होणाऱ्या चुका

झावळ्यांच्या रविवारी आठवल्या जाणाऱ्या येशूच्या यरुशलेम-प्रवेशात खजुरीचा उल्लेख फक्त योहान करतो. लूकमध्ये फांद्याच नाहीत, केवळ वस्त्रे आहेत. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यात मार्कमध्ये मोहरी सर्व भाज्यांहून मोठी होते, मत्तय व लूक तिला झाड म्हणतात. त्या दाखल्यातील पाखरांची वस्ती यहेज्केल १७ आणि दानीएल ४ मधील विशाल वृक्षांची आठवण देते, म्हणून मोहरी किती फूट वाढते यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वधस्तंभाचे लाकूड एदेनच्या झाडाच्या रोपापासून आले ही मध्ययुगीन दंतकथा आहे. शास्त्राचा दुवा अनुवाद २१:२३ आणि गलतीकरांस ३:१३ यांत आहे, आणि तो शापाचा आहे, लाकडाच्या वंशावळीचा नाही.

राहिला ख्रिसमस ट्री. ही प्रथा जर्मन भाषिक प्रदेशांत सोळाव्या शतकाच्या सुमारास रुजली. येथे तिच्या जागी सुरूची फांदीही चालते. यिर्मया १०:३-४ मध्ये रानातले झाड तोडून सोन्यारुप्याने सजवण्याचा उल्लेख आहे म्हणून ती निषिद्ध ठरवणाऱ्यांनी ५ वे वचन वाचावे: तेथे बोलू न शकणाऱ्या, उचलून न्याव्या लागणाऱ्या मूर्तीविषयी चालले आहे. ज्यांना झाड सजवायचे नसेल त्यांनी खर्चाचे किंवा साधेपणाचे कारण द्यावे.