आयकरात घरच्या ऑफिसचा खर्च वजा करायचाय? आधी हे तयार ठेवा

बिलं गोळा करण्याआधी आपण कुठल्या गटात बसतो ते पाहा. पगारदारांना बिलांची फाइल लागतच नाही. घरून काम केलं तरी खुर्ची, वीज, इंटरनेट यांची वेगळी वजावट पगारातून मिळत नाही. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन (बिलांशिवाय मिळणारी ठरावीक वजावट), तेवढंच.

स्वतःचा व्यवसाय करणारे वकील, आर्किटेक्ट, टेक्निकल कन्सल्टंट यांनी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडीए तपासावं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. उरलेल्या निम्म्यात भाडं, घसारा (वस्तूच्या किमतीतला दरवर्षी खर्ची धरायचा भाग) सगळं आलं. वर पुन्हा इंटरनेटचं बिल वजा होत नाही. म्हणजे १८ लाख जमा असेल तर खरा खर्च ९ लाखांपुढे गेल्याशिवाय बिलं लावण्यात अर्थ नाही. ४४ एडीएला पात्र असूनही निम्म्याहून कमी नफा दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेवर गेलं, तर हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट दोन्ही गळ्यात पडतात. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

तरीही खरा खर्च दाखवायचा असेल तर आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागेल. टेप घेऊन खोली मोजा. ६०० चौरस फूट कार्पेटच्या घरात कामाची खोली ९० चौरस फुटांची असेल तर वाटा १५ टक्के. २४,००० भाड्यातले ३,६०० व्यवसायाचे. साधा नकाशा आणि खोलीचा फोटो फाइलला लावा. हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल दाखवून निम्मं घर ऑफिस म्हटलं की अधिकारी तिथेच बोट ठेवतो. वीज, इंटरनेट यांना क्षेत्रफळ लावू नका, वापरावरून टक्का ठरवा आणि तो दरवर्षी बदलू नका. भाडेकरार आणि बँकेतून भाडं गेल्याची नोंद हवी. वडिलांना भाडं देत असाल तर ते त्यांच्या रिटर्नमध्ये दिसलं पाहिजे. घर स्वतःचं असेल तर स्वतःला भाडं लावता येत नाही; मालमत्ता कर, दुरुस्ती यांचा वाटा मात्र घेता येतो. नोकरीही असेल आणि त्याच भाड्यावर एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट घेत असाल तर तीच रक्कम इथे पुन्हा लावू नका.

लॅपटॉप एकदम खर्ची पडत नाही. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, फर्निचरवर १०. वापर १८० दिवसांहून कमी झाला तर दर निम्मा: नोव्हेंबरात घेतलेल्या ८०,००० च्या लॅपटॉपवर त्या वर्षी १६,०००, पुढच्या वर्षी उरलेल्या ६४,००० वर २५,६००. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० हून जास्त रोख दिली असेल तर तो खर्च बाद होतो, आणि वस्तू घेतली असेल तर ती रक्कम घसाऱ्यातही धरली जात नाही. बिल स्वतःच्या नावाचंच घ्या. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पुसट होतात, त्यामुळे आल्या दिवशीच स्कॅन करा.