स्पीकरखाली कोणते पाय लावावेत: आधी वजन, मग खरेदी

डग्ग्याचा घुमारा आला की शोकेसच्या काचा किणकिणतात आणि तबल्याचा बोल मात्र ओळखू येत नाही, अशी तक्रार असेल तर स्पीकरखाली कंपन अडवणारे पाय लावून फरक पडू शकतो. पण हे पाय महागडे असून भागत नाही. त्यांच्यावर पडणारं वजन त्यांना साजेसं असलं पाहिजे. चुकीच्या वजनाखाली उत्तम पायही कुचकामी ठरतो.

आधी खात्री करा

कूलर आणि पंखा बंद करा. नागपुरात मार्च ते जून खिडकीतला कूलर स्वतःच गज हलवत असतो, त्यामुळे तो चालू असताना केलेली चाचणी फसवी ठरते. मोबाइलवरून 40 ते 120 हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर बेताच्या आवाजात वाजवा. छोट्या स्पीकरला 50 च्या खाली ताणू नका. तळहात आधी फळीवर, मग काचेवर, मग फरशीवर टेकवा आणि थरथर कुठल्या आकड्याला लागते ते लिहून ठेवा.

आता स्पीकरखाली सोफ्याची फोमची गादी सरकवा. स्पीकर नीट टेकलाय ना ते बघून तोच सूर तेवढ्याच आवाजात पुन्हा वाजवा. थरथर गेली किंवा बरीच कमी झाली, तर कंपन फळीतून जात होतं आणि पाय घेण्यात अर्थ आहे. काचा तशाच वाजत राहिल्या, तर त्यांना हवेतून येणारा आवाज हलवतोय. तिथे काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी बसवणं हाच इलाज. आणि 12 फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपास एकच सूर फुगत असेल, तर तो समोरासमोरच्या भिंतींचा प्रताप आहे. कुठलाही पाय त्याला हात लावू शकत नाही, स्पीकरची किंवा बसण्याची जागा बदलून पाहा.

वजन मोजा, पुढचं आणि मागचं वेगळं

वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचा) लोहचुंबक पुढे असतो, म्हणून पुढची बाजू बहुधा जड भरते. वजनकाट्यावर एक पट्टी आडवी ठेवून तिच्यावर स्पीकरची पुढची कड टेकवा आणि मागची कड तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. काटा दाखवेल ते पुढचं वजन, एकूण वजनातून ते वजा केलं की मागचं. समजा 8 किलोच्या स्पीकरचं पुढचं वजन 5 आणि मागचं 3 निघालं. चार पाय लावले तर पुढच्या प्रत्येकावर अडीच किलो येतात आणि मागच्यावर दीड. म्हणजे पुढे-मागे वेगवेगळ्या क्षमतेचे पाय लागतील. पुढे दोन आणि मागे मधोमध एक असे तीन पाय लावले, तर अडीच, अडीच आणि तीन अशी जवळपास सारखी वाटणी होते, शिवाय डुगडुगही राहत नाही. फळीवर बसणाऱ्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला आम्ही तीनच पाय सुचवू. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच टॉवर स्पीकरला मात्र चारच हवेत, नाहीतर पोछा मारताना लागलेल्या धक्क्याने तो कलंडेल.

किती दबतो ते बघा

वजन ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबला ते पट्टीने मोजा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. जी फ्रिक्वेन्सी निघेल, ती त्या पायाची स्वतःची, म्हणजे त्या वजनाखाली तो ज्या वेगाने आपणहून डुलतो ती. स्प्रिंग 4 मिमी दबली तर 8 हर्ट्झ. अडवणूक सुरू होते ती या आकड्याच्या 1.4 पटीच्या वर, आणि खरा उपयोग जाणवतो तिपटीच्या पुढे, म्हणजे इथे 24 हर्ट्झच्या वर. नेमक्या 8 हर्ट्झला उलट कंपन वाढतं, पण तिथे संगीत नसतं. रबर 1 मिमी दबलं तर हिशेबाने 16 हर्ट्झ येतात, पण हलताना रबर जास्त ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा त्याहून वर असतो.

सॉर्बोथेनसारख्या मऊ पदार्थाचे पाय जाडीच्या 10 ते 20 टक्के दबले पाहिजेत. 25 मिमीचा पाय अडीच ते पाच मिमी. जेमतेम दबला तर वजन कमी पडतंय आणि कंपन तसंच खाली उतरतं. पार चपटा झाला तर त्याच्यात हलायला जागाच उरत नाही.

एसीच्या बाहेरच्या युनिटखालचे खाचदार रबरी पॅड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. अख्खा पॅड 6 किलोच्या स्पीकरखाली दबतच नाही, म्हणून लोक निराश होतात. त्याचे 20 × 20 मिमीचे तुकडे कापा. तरी ताठ वाटला तर दोन तुकडे एकमेकांवर ठेवून मध्ये पातळ पत्रा घाला, ताठरपणा निम्मा होतो. उंची रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

स्पाइक कुठे

स्पाइक म्हणजे धातूचा टोकदार पाय. तो कंपन अडवत नाही, स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतो. जाड गालिच्यातून खालच्या स्लॅबपर्यंत पोचायला तो ठीक. व्हिट्रिफाइड टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथे स्पाइक नको, टाइलचा टवका उडतो आणि ती स्वतःच गुणगुणू लागते. तळमजल्यावर मातीवर बसलेल्या कोटा फरशीत मुळात कंपन फार शिरत नाही, तिथे पायांवर मोठा खर्च करू नका. सगळ्यात जास्त फरक शोकेसच्या फळीवर आणि नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर पडतो. अशा माडीवर स्प्रिंगचे पाय रबरापेक्षा सरस.

बसवताना

टॉवरच्या तळाला बहुधा एम6 किंवा एम8 (6 किंवा 8 मिमी जाडीच्या बोल्टच्या) आट्यांची भोकं असतात. जुना बोल्ट काढून इतवारी बाजारातल्या लोहा ओळीत न्या आणि आटे जुळवूनच नवा घ्या. त्याची लांबी जुन्यापेक्षा जास्त नको, नाहीतर खोक्याच्या आतलं लाकूड फुटतं. भोकं नसतील तर पाय नुसते खाली ठेवा, चिकटवू नका. पाय लावल्याने स्पीकर जितका उचलला गेला, तितका ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या वर जातो. मग आवाजातला बदल कंपन थांबल्याचा की उंचीचा, हे कळत नाही. म्हणून स्टँड तेवढा खाली घ्या किंवा स्पीकर किंचित पुढे कलता ठेवा. मग लिहून ठेवलेले सूर पुन्हा वाजवून तळहाताने तपासा.

मऊ रबर संगमरवरावर आणि पॉलिश केलेल्या लाकडावर तेलकट डाग पाडतं, खाली पातळ काच किंवा स्टीलची चकती ठेवा. उष्णतेने ते आणखी मऊ पडतं आणि हळूहळू बसतं. जानेवारीत 4 मिमी दबलेला पाय नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपल्यावर पुन्हा मोजा. मर्यादेपेक्षा जास्त दबला असेल तर एक पायरी जास्त कडक पाय घ्या. सबवूफरचा (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा) वूफर खालच्या तोंडाचा असेल, तर कंपनीच्या पायांनी ठेवलेलं अंतर मोजून नव्या पायांवरही तेवढंच राखा, ते कमी झालं की खर्ज बदलतो.