काइटसर्फिंगच्या लाइन: गुंता न होऊ देता पसराव्यात आणि गुंडाळाव्यात कशा

काइटसर्फिंगमध्ये मोठा पतंग, म्हणजे काइट, स्वाराला पाण्यावरून ओढतो; काइट आणि हातातला दांडा, म्हणजे बार, यांना जोडणाऱ्या चार दोऱ्या म्हणजे लाइन. लाइनींचा गुंता होतो तो बहुधा गुंडाळताना; कळतो मात्र पुढच्या वेळी पसरताना. म्हणून आधी गुंडाळणे पाहू.

काइट उतरवून त्यावर पुरेशी वाळू टाका आणि चारही लाइन सोडवा. जोडलेल्या लाइन तशाच पडू देऊ नका. त्यात कुणाचा पाय असताना काइट उडाला, तर लाइन सुरीसारखी कापते.

आता बारपाशी या आणि तिथूनच गुंडाळायला लागा. लाइनींची टोके वाळूवरून मोकळी घसटत येऊ द्या, म्हणजे उरलेसुरले पीळ सुटत येतात. बारच्या दोन टोकांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या. गोल गोल गुंडाळले तर दर फेरीला एक पीळ चढतो. आठच्या आकड्यात एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला उतरतो. शेवटचा मीटरभर उरला की चारही टोके एकत्र धरून गुंडाळीभोवती दोन फास टाका आणि बारच्या इलॅस्टिकखाली अडकवा. एखादे टोक सुटून वेढ्यातून आरपार गेले, की गुंत्याची सोय झालीच.

पसरताना काइटची हवा भरलेली पुढची कड वाऱ्याकडे, कापडावरच्या हवा भरलेल्या पट्ट्या खाली, वर वाळू. लाइनींची टोके काइटपाशी ठेवा आणि बार उलगडत वारा जातो त्या दिशेला चालत जा. लाइन साधारण २० ते २४ मीटर असतात, तेवढी जागा मोकळी हवी. बार खाली ठेवताना, काइटकडे तोंड केल्यावर लाल बाजू उजव्या हाताला हवी. इथेच नवशिके फसतात, कारण उडवताना ती डावीकडे असते. वारा येतो त्या बाजूला लाइन पसरल्या, तर मात्र लाल डावीकडेच.

मग बारपासून काइटकडे चालत लाइन विंचरा: मधल्या दोन पुढच्या (काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या), कडेच्या दोन मागच्या, प्रत्येकीमध्ये एक बोट. बार जागचा हलवू नका. पीळ मोकळ्या टोकांकडे ढकलले जाऊन सुटतात. अडले तर ओढू नका. बारीक गाठ आवळली की लाइन तिथे बरीच कमकुवत होते. ती नखाने सैल करा, निघतच नसेल तर लाइन बदला.

आधी पुढच्या दोन जोडा, मग मागच्या. बऱ्याच काइटवर पुढच्या जोडणीत गाठ काइटकडे आणि फास लाइनीला असतो, मागच्यात उलट; त्यामुळे अदलाबदल टळते. पण डावी-उजवी चूक त्याने टळत नाही. ब्रायडल, म्हणजे काइटच्या पुढच्या कडेवरच्या आखूड दोऱ्या, काइटच्या टोकाला अडकलेल्या नाहीत ना, तेही पाहा.

उडवण्याआधी चिकन लूप (बारखालचा फास) हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लावा, लीश (सुरक्षेची दोरी) अडकवा आणि बार हातात घेऊन चारही लाइन काइटपर्यंत नजरेने तपासा. एखादी लाइन दुसरीवरून गेलेली दिसली, तर मदतनिसाला थांबायची खूण करा. अशा जोडणीवर काइट उचलताच गरगरा फिरायला लागतो.