अमेरिकन फुटबॉलमधल्या दोन रिसीव्हरची तुलना करताना मी वही कशी मांडतो

सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं पाळीचा हिशेब लिहिला. कोणी किती नग काढले, ते रोज वहीत चढवायचं. एका विणकराचे नग सतत कमी भरायचे. त्याला काढायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी एक अख्खी पाळी त्याच्या मागाशेजारी उभा राहिलो. त्याला मिळालेल्या बीमचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताणाच कच्चा होता. पाच-सात मिनिटांनी धागा तुटायचा, आणि हा माणूस तुटलेलं टोक शोधून, चिमटीत धरून, गाठ मारून माग पुन्हा चालू करायचा. त्या सुतावर दुसऱ्या कोणाचे तेवढेही नग निघाले नसते. त्या दिवसापासून नगांच्या शेजारी सुताचा रकाना मी कधी सोडला नाही.

2012 मध्ये लेकीकडे डेट्रॉइटला राहिलो आणि अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. आता इथे रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सामना लावून बसतो. दोन रिसीव्हरपैकी, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंपैकी, संघाला जास्त मोलाचा कोण, हे ठरवायला तीच वही कामाला येते.

उदाहरणाला दोन हंगाम घ्या. डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन, 2012: पास झेलून मिळवलेलं अंतर 1,964 यार्ड, एका हंगामातला विक्रम. लॉस एंजेलिस रॅम्सचा कूपर कप, 2021: 1,947 यार्ड. फरक फक्त 17 यार्डांचा, तोही जॉन्सनने 16 सामन्यांत आणि कपने 17 सामन्यांत केलेल्या कमाईतला. इथेच थांबलात तर जॉन्सन पुढे.

थांबू नका. आधी पास कोण टाकत होता ते बघा, कारण रिसीव्हरचं सूत म्हणजे क्वार्टरबॅक. ही जोडी मी मुद्दाम निवडली आहे: दोघांनाही पास देणारा मॅथ्यू स्टॅफर्डच होता. अशी सोय क्वचित मिळते. क्वार्टरबॅक वेगळे असतील तर त्याच संघातल्या दुसऱ्या रिसीव्हरचे आकडे शेजारी लिहा. सगळ्यांचेच घसरलेले असतील तर दोष बीमचा.

मग संधी मोजा. 2012 मध्ये स्टॅफर्डने 727 पास टाकले, 2021 मध्ये 601. रिसीव्हरच्या यार्डांना या संख्येने भागा. जॉन्सन 2.70, कप 3.24. मला सगळ्यात जास्त भरवसा या भागाकाराचा आहे, कारण स्वतःला मोकळं करून पास आपल्याकडे ओढून घेणं हीसुद्धा रिसीव्हरची कमाईच. त्यानंतर टार्गेट, म्हणजे त्याच्या दिशेने आलेले पास. जॉन्सनकडे 204 आले, त्याने 122 झेलले. कपकडे 191, झेलले 145. टार्गेटमागे यार्ड काढले तर 9.6 आणि 10.2.

झेलांची टक्केवारी मात्र जपून वापरा. जॉन्सनची 60, कपची 76, पण जॉन्सनच्या एका झेलाला 16.1 यार्ड मिळायचे, कपच्या 13.4. लांबचे पास जास्त सुटणारच.

टचडाउनवर, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेल्या गुणांवर, तर कधीच निकाल देऊ नका. 2012 मध्ये जॉन्सनचे 5, 2021 मध्ये कपचे 16. पण हाच जॉन्सन 2011 मध्ये याच स्टॅफर्डच्या पासांवर 16 करून बसला होता! एका वर्षात त्याचे हात बिघडले नव्हते.

तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, 7 यार्ड हवे असताना 8 मिळाले, तर चेंडू संघाकडेच राहतो. 20 हवे असताना 12 मिळाले, तर पुढच्या खेळीला बहुतेक पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्या संघाला देणं. एकूण बेरजेत मात्र 12 मोठे दिसतात. म्हणून फर्स्ट डाउनचा, म्हणजे हवे तेवढे यार्ड काढून चेंडू राखल्याचा, रकाना वेगळा ठेवा.

आता वही मिटून डोळे वापरा. टीव्हीवर नजर चेंडूमागे धावते, ती आवरा. वरून घेतलेला रिप्ले आला की स्नॅप होताच, म्हणजे खेळी सुरू होताच, सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) कोणाकडे सरकतो ते बघा. साडेसहा फुटांच्या घरातल्या जॉन्सनवर अनेकदा दोन-दोन बचावपटू असायचे. म्हणजे त्याला हात न लागलेल्या पासातही त्याचा वाटा असायचा. कप बऱ्याचदा आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये उभा राहायचा आणि धावण्याच्या खेळीत मोठ्या अंगाच्या बचावपटूंना अडवायचा. या दोन्ही गोष्टींचे यार्ड कोणी लिहीत नाही.

शेवटी भाव. 2022 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने आपला रिसीव्हर टायरीक हिल मायामी डॉल्फिन्सला दिला आणि बदल्यात पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) घेतले. त्याच्या नव्या कराराची वर्षाची सरासरी 3 कोटी डॉलर, आणि अख्ख्या संघाची त्या वर्षीची सॅलरी कॅप, म्हणजे पगारावरची मर्यादा, 20 कोटी 82 लाख. मायामीत क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआचे प्रत्येक पासामागचे यार्ड 6.8 वरून 8.9 वर गेले. प्रशिक्षकही नवा होता, म्हणून सगळं हिलच्या खात्यावर टाकू नका. आणि चीफ्स? त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचे पासांचे यार्ड 4,839 वरून 5,250 झाले आणि संघाने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. हिल कमी दर्जाचा होता असं नाही. चीफ्सकडे पास झेलायला ट्रॅव्हिस केल्सी होता, खिंडार बुजवता आलं. खेळाडू तोच, पण त्याची गरज एका घरी वेगळी आणि दुसऱ्या घरी वेगळी.

म्हणून माझ्या वहीत कप वर आहे, कारण त्याच क्वार्टरबॅकच्या कमी पासांतून त्याने जवळपास तेवढंच काढलं. पण ज्या संघाचा दुसरा रिसीव्हर कच्चा आहे, त्याच्यासाठी मी जॉन्सनच घेईन. दोन बचावपटू त्याच्यामागे गेले की त्या कच्च्या पोरासमोर एकच उरतो.