लहान मुलांना बारवरील किप शिकवताना या चुका टाळा

बारला लोंबकळत पुढे झोका घ्यायचा, झोक्याच्या टोकाला शरीर पूर्ण लांबवायचे, मग पाय बारकडे नेऊन, हात सरळ ठेवूनच, बारवर मांड्यांच्या आधाराने यायचे, याला किप म्हणतात. आंतरराष्ट्रीय गुणांकनात तिचा दर्जा सर्वांत खालचा, म्हणजे ‘ए’ आहे. तरीही मुलींच्या अनइव्हन बारवरील (एक खाली, एक वर अशा दोन समांतर बारवरील) बहुतेक रचना किपनेच सुरू होतात, आणि खालच्या बारवरून वरच्या बारवर गेल्यानंतरही तीच पुन्हा लागते. त्यामुळे ज्या मुलीची किप अडली, तिची बारवरची सगळी प्रगतीच अडते. अशा वेळी प्रशिक्षक तिला संपूर्ण किप पुन्हा पुन्हा मारायला लावतात, आणि ही पहिली व सर्वांत महागडी चूक आहे, कारण चुकीच्या वेळी पाय उचलून केलेला प्रत्येक प्रयत्न ती चुकीची वेळच अंगात मुरवत असतो. किप तुकड्यांत शिकवावी, आणि नेमका कोणता तुकडा निसटतो आहे ते पाहून त्याच तुकड्याचा सराव द्यावा.

त्यापूर्वी एक साधी तपासणी करून घ्यावी. वॉल बारला, म्हणजे भिंतीला लावलेल्या आडव्या दांड्यांच्या शिडीला, पाठ टेकवून लोंबकळताना मुलीला गुडघे न वाकवता पाय हातांपर्यंत सलग चार-पाच वेळा नेता येत नसतील, किंवा फ्रंट सपोर्टमध्ये, म्हणजे मांड्या बारला लावून हातांवर तोललेल्या स्थितीत, कोपरे ताठ ठेवून स्थिर राहता येत नसेल, तर किपचा सराव काही आठवडे पुढे ढकलणेच योग्य ठरते. पुलओव्हर (पाय बारवरून नेत उलटे फिरून आधारावर येणे) आणि लहानसा कास्ट (आधारावरून पाय मागे नेऊन शरीर बारपासून वर उचलणे) या काळात पक्का करता येतो, म्हणून हा वेळ वाया जात नाही.

ग्लाइड अर्धवट सोडणे

ग्लाइड म्हणजे किपच्या सुरुवातीचा पुढे जाणारा झोका. पाय जमिनीला घासतील या भीतीने मूल गुडघे वाकवते किंवा कंबरेत दुमडलेल्या अवस्थेतच झोका संपवते. असा झोका आखूड राहतो आणि पुढच्या हालचालीसाठी त्यात जोर उरत नाही. येथे किपचा विचार पूर्ण बाजूला ठेवून फक्त ग्लाइडचा सराव द्यावा. उडी मारताना नितंब मागे आणि वर न्यावेत, खांदे कानांजवळ मोकळे ठेवावेत, पाय पुढे सरकवत न्यावेत आणि टोकाला छाती व कंबर उघडून हातांपासून पायांच्या बोटांपर्यंत एक लांब रेषा करावी. झोक्याच्या शेवटच्या बिंदूवर पाय जेथे पोहोचायला हवेत तेथे फोमचा मऊ ठोकळा ठेवून त्याला बोटांनी स्पर्श करायला सांगितले, की लांब होण्याविषयी वेगळे बोलावे लागत नाही. मान मागे टाकू देऊ नये. नजर पायांच्या बोटांवर असली, की पाठीची अनावश्यक कमान आपोआप कमी होते.

पाय उशिरा आणणे

अडलेल्या किपचे सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे आणि दुर्दैवाने ते ताकदीच्या कमतरतेसारखे दिसते. पुढचा झोका संपून शरीर परत फिरू लागते, त्याच क्षणी घोटे बारजवळ पोहोचले पाहिजेत. तसे झाले तर नितंब बारखालून मागे जात असताना झोक्याचा वेग शरीराला वर नेण्याच्या कामी येतो. मुलीने एक क्षण जरी उशीर केला, तरी नितंब बारच्या मागे निघून जातात, वेग संपतो, आणि मग ती कोपरे वाकवून स्वतःला वर खेचू पाहते. प्रशिक्षक वाकलेली कोपरे पाहून दंडाचे व्यायाम वाढवतात. मूळ दोष मात्र तसाच राहतो.

यासाठी बारच्या पुढे एक ठोकळा ठेवून त्यावर दोन्ही टाचा टेकवाव्यात आणि शरीर पूर्ण लांब असलेल्या या स्थितीतून, इशारा मिळताच, घोटे बारला लावून मागच्या झोक्यात तसेच धरून ठेवायला सांगावे. आधारावर येण्याची घाई करू नये. हा क्षण नेमका साधू लागल्यावर ठोकळा काढून ग्लाइड जोडावा. याउलट काही मुले शरीर लांब होण्याआधीच पाय उचलतात. त्यांच्यासाठी टोकाला ‘लांब’ आणि परतताना ‘पाय’ असे दोनच शब्द प्रशिक्षकाने ठरावीक लयीत उच्चारावेत.

कोपरे वाकवून चढणे

पाय वेळेवर येऊनही कोपरे वाकत असतील, तर बार शरीरालगत वर सरकवण्याची कल्पना मुलीला आलेली नसते. तिला पाठीवर झोपवून पाय वर धरायला लावावे, हातात हलकी काठी द्यावी आणि ती घोट्यांपासून नडगी, गुडघे, मांड्या अशी वर आणत, त्याच वेळी पाय खाली नेत, कंबरेपर्यंत पोहोचवायला सांगावी. पँट वर चढवल्यासारखी ही हालचाल मुलांना लगेच समजते. पुढे काठीऐवजी वॉल बारला बांधलेला रबरी पट्टा किंवा सायकलची जुनी ट्यूब वापरून डोक्यामागून मांड्यांपर्यंत सरळ हातांनी ओढण्याचा सराव द्यावा. आपल्याकडे मल्लखांबाकडून जिम्नॅस्टिक्सकडे वळणाऱ्या मुलांची पकड आणि पोट उत्तम असते, मात्र हात वाकवून शरीर जवळ ओढण्याची सवय असल्यास ती येथे सावकाश सोडवावी लागते. वाकलेल्या हातांसाठी स्पर्धेत ०.१, ०.३ किंवा ०.५ गुण कापले जातात, आणि ‘ए’ दर्जाच्या घटकाचे मूल्य अवघे ०.१ असते, हे पालकांनाही सांगावे, म्हणजे कशीबशी जमलेली किप पाहून ते घाई करणार नाहीत.

शेवटच्या टप्प्यात मनगटे वळून बारच्या वर आली नाहीत, तर मांड्या बारला लागूनही मूल मागे पडते. फ्रंट सपोर्टमधून, प्रशिक्षकाच्या आधाराने, हात सरळ ठेवून तीच वाट उलट क्रमाने हळूहळू उतरण्याचा सराव यावर उत्तम आहे.

आधार देताना एक हात मांड्यांखाली आणि दुसरा कंबरेखाली ठेवावा आणि घोटे बारला लागल्यानंतरच वर दाब द्यावा. मुलाला सुरुवातीपासून उचलून बारवर ठेवले, तर त्याला झोक्याची वेळ कधीच कळत नाही.

तळहाताची कातडी सोलली असेल तर त्या दिवशी जमिनीवरचे काठीचे व पट्ट्याचे सराव घ्यावेत. मनगट दुखत असेल तर त्याच्यावर भार देणारे सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे, कारण वाढत्या वयात मनगटाजवळील हाडाचा वाढीचा भाग सततच्या भाराने दुखावू शकतो आणि पट्टी बांधून सराव चालू ठेवल्यास दुखणे लांबते. पहिली किप जमल्यानंतरही लगेच वरच्या बारवर जाऊ नये. खालच्या बारवर किपला जोडून कास्ट करायला सांगावे. किप संपताना खांदे बारच्या पुढे आले नसतील तर तो कास्ट उचलतच नाही, आणि कोणत्या तुकड्याकडे परतायचे ते तेथेच दिसते.