निर्गुडीने १३० टक्के सूज रोखली? आधी ब्लँक बघा

मार्च उजाडला की प्रोजेक्टवाली मुलं रीडिंगची वही घेऊन दारात उभी. "सर, निर्गुडीचं इन्हिबिशन १३० टक्के आलंय!" पन्हाळ्याच्या वाटेवरून तोडलेली पानं, मिथेनॉलमधला गडद हिरवा अर्क आणि चाचणी नेहमीचीच: तापवल्यावर प्रथिन बिघडून गढूळ होतं, ते अर्क किती टक्के रोखतो (हेच इन्हिबिशन), यावरून सूज रोखण्याचा अंदाज. अंड्याचं अल्ब्युमिन, ६.४ पीएचचा बफर, ३७ अंशांवर १५ मिनिटं, ७० अंशांवर ५ मिनिटं, मग ६६० नॅनोमीटरला रीडिंग.

घोळ या ६६० मध्येच आहे. पानातलं हरितद्रव्य नेमकं याच्या आसपास लाल प्रकाश शोषतं. तापवून प्रथिन गढूळ झालं की रीडिंग वाढतं, तसंच हिरव्या रंगानेही वाढतं. मशीनला दोन्ही सारखंच. त्यात सूत्रं दोन फिरतात. एकात कंट्रोलपेक्षा (अर्क न घातलेल्या नळीपेक्षा) रीडिंग कमी आलं की अर्क चांगला, दुसऱ्यात जास्त आलं की चांगला! सीनियरच्या वहीतून दुसरं उतरवलं, तर अर्काचा रंगच औषधी गुण होऊन बसतो.

म्हणून अर्काच्या प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला एक जादा नळी लावा, हाच ब्लँक. तेवढाच अर्क, तोच बफर, अल्ब्युमिन नाही. ती बाकीच्यांबरोबरच तापवा आणि तिचं रीडिंग वजा करा. हिरड्याची खोड वेगळी. त्यातलं टॅनिन अल्ब्युमिनला तापवण्याआधीच साकळवतं, तेव्हा वॉटर बाथमध्ये ठेवण्यापूर्वी नळी एकदा उजेडासमोर धरून बघा.

अर्क रक्तपेशींना फुटण्यापासून वाचवतो का, हे बघणाऱ्या चाचणीत रिठा, शिकेकाई घेऊ नका. सॅपोनिनने पेशी फुटतात आणि सगळी नळी लालभडक होते. रक्त देणाऱ्या मित्राला मागच्या दोन आठवड्यांत वेदनाशामक गोळी घेतली होती का, हेही विचारा. हॉस्टेलवर ती कुणी घेतली नसेल असं होत नाही. मॅक्रोफेज (सुजेत भाग घेणाऱ्या पांढऱ्या) पेशींवर काम असेल तर नायट्राइट (पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) घटल्याचा आनंद एमटीटीचा, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते सांगणाऱ्या चाचणीचा, निकाल येईपर्यंत आवरा. मेलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत.

आणि पानं दळण्याआधी फुलासकट एक फांदी नमुना म्हणून कागदात दाबून ठेवा. निर्गुडीला कुठे तीन पर्णिका, कुठे पाच. ओळख शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून पटवून घ्या. पूड झाल्यावर कुणाला दाखवणार?

१३० टक्केवाली मुलगी दोन दिवस फुरंगटून होती. तिसऱ्या दिवशी ताजी अंडी घेऊन आली आणि स्टँडवर नळ्यांची आणखी एक रांग लावली.