ट्रेकचं सामान घरात लावताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर दरवर्षी एक फोटो येतोच. पलंगभर पसरलेलं सामान, शेजारी सात-आठ नवेकोरे प्लास्टिकचे डबे आणि खाली प्रश्न: "दादा, आता हे सगळं कसं लावू?" डबे आधी आणलेस तिथेच गाडं अडलं रे बाबा, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

डबा रिकामा दिसला की माणसाला तो भरावासा वाटतो. मग तुटलेल्या बकलची सॅक, बंद पडलेले दोन हेडलँप, कुठल्याशा स्पर्धेत मिळालेली गळकी बाटली, सगळ्यांना हक्काचं घर मिळतं. मी आधी सतरंजी अंथरतो, सगळं तिच्यावर ओततो आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघतो: गेल्या दिवाळीपासून ही एकदा तरी सॅकमध्ये गेली का? नसेल तर दाराशी ठेवलेल्या पोत्यात. पंधरा दिवसांत आठवण झाली नाही तर पोतं घराबाहेर. शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी याला अपवाद, ती लागली नाहीत तर देवाची कृपाच. मात्र पेटीतल्या गोळ्यांच्या तारखा बघा.

उरलेल्या सामानासाठी मी भाजीवाल्यांकडचे जाळीचे क्रेट वापरतो. दिसायला अगदीच मार्केटयार्ड, पण हवा खेळते. वरून आईची जुनी सुती साडी टाकली की धूळ बसत नाही. आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार असाल तर एवढंच करा, 'इतर' अशी चिठ्ठी लिहू नका. ती कचरापेटीच असते, फक्त झाकणाची.

आता माझी दुखरी नस: जपून ठेवलेले बूट.

महागाचे बूट घेतले होते. सहा-सात ट्रेक केले, मग नोकरी बदलली, मुलगी झाली, शनिवार-रविवार गेले. बूट स्वच्छ पुसले, आत वर्तमानपत्र कोंबलं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवले. चार वर्षं. "ते बोचकं काढ रे एकदा तिथून," असं आई दर दिवाळीला म्हणायची आणि मी दर दिवाळीला म्हणायचो, "अगं, नवे आहेत ते."

जानेवारीत हरिश्चंद्रगडाचा बेत ठरला, खिरेश्वरकडून. बूट काढले, चकचकीत दिसत होते, घातले आणि निघालो. तोलार खिंडीपर्यंत सगळं छान. खिंडीच्या वरच्या कातळात रेलिंग धरून चढताना उजव्या पायाखाली काहीतरी मऊ लागलं. दोन पावलांनी सोल जिभेसारखा लोंबायला लागला. बोटाने दाबून पाहिलं तर आतला थर शिळ्या केकसारखा भुगा होऊन हातात आला. सुतळी कुणाकडेच नव्हती. सॅकचा एक पट्टा काढून बूट बांधला. वर टेकेपर्यंत डाव्यानेही राम म्हटलं. दुसऱ्या दिवशी मित्राच्या जास्तीच्या फ्लोटर्समध्ये, दोन नंबर मोठ्या, अख्खा गड उतरलो. अंगठ्याची नखं महिनाभर काळी होती.

घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी एकदा पाहिलं आणि परत दिले. "चिकटवू कशाला साहेब? चिकटवायला खाली उरलंय काय?"

झालं होतं असं की त्या बुटांच्या सोलमधला उशीसारखा थर पॉलीयुरेथेनचा होता. हवेतल्या दमटपणाने हे प्लास्टिक आतून तुटत जातं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी पेटते, म्हणजे या कामाला लागणारं सगळं मी स्वतःच्या हाताने पुरवलं होतं. वापरात असलेला बूट यापेक्षा बरा टिकतो. आता माझे बूट दाराच्या रॅकवर उघडे असतात आणि ट्रेक नसेल तेव्हा मी ते घालून भाजी आणायला जातो. लोक हसतात. ट्रेकच्या आठवडाभर आधी सोलच्या कडेला अंगठ्याचं नख रोवून बघतो. खळगा पडून तसाच राहिला किंवा भेग दिसली तर तो बूट गडावर येत नाही. आणि सॅकच्या झाकणात चार हात सुतळी कायमची.

तंबूलाही हाच रोग होतो. आतल्या बाजूच्या लेपाला चिकटा सुटतो, घडी उलगडताना चर्र आवाज येतो आणि आंबूस वास घरभर पसरतो. तिथपर्यंत गेला तर पैसे गेले समजा. 'हाताला कोरडा लागतोय' म्हणजे कोरडा नव्हे, शिवणी आणि कोपरे शेवटी वाळतात. आल्या दिवशीच तंबू उलगडून सावलीत वाळवायचा, मग रात्रभर पंख्याखाली आणि त्यानंतरच घडी. कडक उन्हात दिवसभर टाकून ठेवू नका, उन्हाने नायलॉन कुजतं. हे काम रविवारी रात्री दमून आल्यावरच करावं लागतं, आणि नेमकं तेच नव्या पोरांना नको असतं. त्यांना पुढच्या शनिवारी एका तासात सगळं लावून देणारी युक्ती हवी असते. अशी युक्ती नाही.

स्लीपिंग बॅग तिच्या चिमुकल्या पिशवीत महिनोन्महिने कोंबून ठेवू नका, फुगायची विसरते. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरा.

हेडलँपमधले सेल काढा. सेल आतच गळले असतील तर पांढऱ्या भुकटीवर लिंबाच्या रसात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, कोरडं पुसा. कधीकधी हेडलँप वाचतो.

डांबरगोळ्या सामानात टाकू नका. ज्याने टाकल्या त्याच्यासोबत मी एका तंबूत झोपलोय.

राहिला रोप, म्हणजे कडे चढता-उतरताना लावतात तो दोर. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी तो कधीही ठेवायचा नाही. ॲसिडची नुसती वाफही नायलॉनला पुरते आणि वरून काही दिसत नाही. न वापरलेल्या रोपलाही वय असतं, बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त 10 वर्षं सांगतात. माझा तेवढा झाला तेव्हा ग्रुपमधल्या एकाने मागितला, "दादा, टाकण्यापेक्षा मला द्या ना, सरावाला." मी त्याच्यासमोरच कात्री घेतली आणि पाच-पाच हातांचे तुकडे केले. त्यातला एक सध्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आहे, दोन शेजारच्या वहिनींनी नेले.